खर्जाची तार आणि शिकलगाराची कानस

एखाद्या वाद्याची घडण अभिजात झाली, असे आपण केव्हा म्हणतो? ते फार जुने असते म्हणून? कुणा राजाने त्याला आश्रय दिला म्हणून? की शे-दीडशे वर्षे सगळे कारागीर त्याच मापाने, त्याच आकाराने ते करीत राहतात म्हणून? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आमच्यासमोर दोन वाद्ये येतात. एक अमेरिकेतले विजेवर चालणारे बास गिटार आणि दुसरे आपल्या मिरजेचा तंबोरा. एक आधुनिक, एक पारंपरिक. एक कारखान्यातले, एक गल्लीतले. या दोघांना एका लेखात बसविणे वाचकांना प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु थोडे खोलात गेले तर दोन्हींची हकीकत एकमेकींवर बराच प्रकाश टाकते.

पहिले साम्य उघड आहे. दोन्ही वाद्यांना सहसा चार तारा असतात आणि दोन्हींचे काम खालचा सूर धरून ठेवण्याचे. काळी एकमध्ये गाणाऱ्या गवयाच्या तंबोऱ्याची शेवटची पितळी तार, जिला आपण खर्ज म्हणतो, सेकंदाला साधारण ६९ वेळा कंप पावते. बास गिटारची सर्वांत खालची तार सुमारे ४१ वेळा. हे सूर ऐकणाऱ्याच्या सहज ध्यानात येत नाहीत. मैफल संपल्यावर तंबोऱ्याने काय वाजविले हे कुणी विचारत नाही. हिंदी चित्रपटातील गाणे गुणगुणताना राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांचे बास गिटार खाली काय करीत होते, हेही कुणी सांगत नाही. पण ते सूर काढून घेतले तर वरचे सगळे अधांतरी होते. पाया दिसत नाही, घर दिसते. वाद्यांचे जसे, तसेच ती घडविणाऱ्यांचे. आमचा हा लेख त्या न दिसणाऱ्यांविषयी आहे.

बास गिटारचा इतिहास थोडक्यात सांगतो. विजेचे बास प्रथम कुणी केले, याचे उत्तर बहुतेक लोक लिओ फेंडर असे देतात. ते पूर्णपणे खरे नाही. सिॲटल शहरातील पॉल टटमार्क यांनी १९३० च्या दशकातच पडदे असलेले, आडवे धरून वाजविण्याचे विजेचे बास तयार केले होते. ते चालले नाही आणि लोक विसरून गेले. म्हणजे पहिले असणे आणि अभिजात होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, कारण आपल्या समाजात ‘हे प्रथम आमच्या लोकांनी केले’ या वाक्यावरच इतिहास संपविण्याची सवय आहे.

लिओ फेंडर हे कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावचे. त्यांना गिटार वाजविता येत नसे. १९३८ साली त्यांनी रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. गावातले वादक आपले बिघडलेले ध्वनिवर्धक घेऊन त्यांच्याकडे येत आणि तक्रारी सांगत. त्या काळी खालच्या सुरांसाठी डबल बास वापरीत. हे माणसाहून उंच वाद्य मोटारीत मावत नसे, मोठ्या नाचघरात ऐकू जात नसे आणि त्यावर पडदे नसल्यामुळे बोट केसभर इकडेतिकडे झाले की सूर चुके. १९५१ साली फेंडर यांनी जे बास बाजारात आणले, ते या तिन्ही तक्रारींचे उत्तर होते. आवाजाचे काम पोकळ पोटाऐवजी चुंबक आणि तारेची गुंडाळी करू लागली, तेव्हा पोटाची गरज उरली नाही. सबंध लाकडाची एक फळी पुरली. मानेवर वीस पडदे बसविले, त्यामुळे बोट ठेवले की सूर नेमका येई. म्हणूनच त्याचे नाव ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूक. मेरूपासून घोडीपर्यंत तारेची मोकळी लांबी ३४ इंच ठेवली. एवढी लांबी खालचा सूर घट्ट ठेवण्यास पुरेशी होती आणि माणसाच्या हाताला झेपणारीही होती. मान धडाला सरसाने चिकटविली नाही, स्क्रूने आवळली. बिघडली तर उघडून दुसरी बसवावी, हा त्यामागचा हिशेब.

हा हिशेब दुरुस्ती करणाऱ्या माणसाचा आहे, हे लगेच लक्षात यावे. वस्तू कुठे मोडते हे ज्याने शेकडो वेळा पाहिले आहे, त्यालाच ती कशी करावी हे कळते. पुढे १९५४ मध्ये फळीच्या कडा अंगाला टोचू नयेत म्हणून गोलावल्या आणि १९५७ मध्ये आवाज पकडणाऱ्या चुंबकाचे दोन तुकडे करून ते पुढेमागे बसविले, त्यामुळे नको असलेली घरघर थांबली. त्यानंतर त्या वाद्याच्या मूळ रूपात फारसा फरक झाला नाही. १९६५ साली फेंडर यांनी आपली कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरला विकली, १९९१ साली ते वारले, तरी वाद्य तसेच राहिले. जगभरच्या कारखान्यांनी त्याच आकाराची बास गिटारे काढली, आणि ३४ इंच ही लांबी जणू नियमच झाली.

यातील शेवटचा प्रसंग आम्हांस सर्वांत बोलका वाटतो. फेंडर कंपनीने आपल्या गिटारांचे आणि या बासचे बाह्याकार स्वतःच्या व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून मागितले. २००९ साली अमेरिकेतील संबंधित न्यायमंडळाने ती मागणी नाकारली. कारण असे की, तो आकार इतक्या जणांनी, इतकी वर्षे केला आहे की, त्यावरून कुणा एका कंपनीची ओळख पटत नाही. ‘बास गिटार’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर तोच येतो. आमच्या मते अभिजात घडणीची याहून चांगली व्याख्या मिळणे कठीण. जी घडण मूळ धन्याच्या मालकीची उरत नाही, सर्वांची होते, ती अभिजात.

आता आपल्या मुलखाकडे वळू. आमच्याकडे उर्दू शाळांत वाद्यांचा विषय निघाला की हजरत अमीर खुसरो यांचे नाव येते. सतार त्यांनी शोधली, तबला त्यांनी शोधला, असे मुलांना सांगितले जाते. खुसरोंची थोरवी शंकेपलीकडची आहे, पण या दंतकथेला त्यांच्या काळातला आधार मिळत नाही. संशोधकांच्या मते सतारीचा उदय अठराव्या शतकातल्या दिल्लीत झाला. खुसरो खाँ या दुसऱ्याच संगीतकाराचे नाव त्याच्याशी जोडले जाते आणि नामसाधर्म्यामुळे घोटाळा झाला असावा. दंतकथा गेली म्हणून वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. आपल्याच राज्यात, दीडशे वर्षांपलीकडचा, हाताने स्पर्श करता येईल असा इतिहास मिरजेत उभा आहे. तो मात्र आमच्या मुलांना कुणी सांगत नाही.

मिरजेत ही वाद्ये करणारी घराणी मूळची शिकलगारांची. हा शब्द उर्दू शिक्षकाला लगेच ओळखू येतो. अरबी ‘सैकल’ म्हणजे घासून आणलेली झिलई, आणि फारसी ‘गर’ म्हणजे करणारा. सैकलगर म्हणजे तलवारीला, जंबियाला धार व चकाकी देणारा. मराठीच्या तोंडी तो शिकलगार झाला. लष्करी गाव असलेल्या मिरजेत त्यांना काम होते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, संस्थानांची लढाई थांबली, आणि १८७८ च्या कायद्याने शस्त्र बाळगण्यावरच इंग्रजांनी निर्बंध आणले. तलवारीच उरल्या नाहीत, तर धार कशाला लावायची?

याच काळात मिरजेचे पटवर्धन संस्थानिक गाण्याचे शौकीन होते. गवई, बीनकार, सतारिये दरबारी येत. प्रवासात कुणाच्या सतारीचा भोपळा फुटे, कुणाची दांडी वाकडी होई. दुरुस्तीसाठी उत्तरेत पाठवायचे, तर महिनेच्या महिने जात. तेव्हा गावातल्या कुशल हातांकडे ते काम आले. फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांचे बंधू मोहिनुद्दीन यांची नावे मिरजेत या धंद्याचे आद्य पुरुष म्हणून आदराने घेतली जातात. आधी दुरुस्ती, मग दुरुस्तीतून ज्ञान, मग नवे वाद्य. फुलर्टनच्या रेडिओवाल्याचा आणि मिरजेच्या शिकलगाराचा रस्ता असा एकच निघतो. पुढे या घराण्यांचे आडनावच ‘सतारमेकर’ झाले आणि मिरजेत सतारमेकर गल्ली झाली. हुनराने माणसाची ओळख बदलते, याचे एवढे स्वच्छ उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

मिरजेच्या तंबोऱ्याची घडण कशाने ठरते? वरवर पाहणारा नक्षी पाहतो. ती सुंदर असतेच, पण ती घडण नव्हे. पहिला भाग भोपळा. हा भाजीचा भोपळा नसून कडू भोपळा असतो. पंढरपूरच्या परिसरात भीमेकाठी तो मुद्दाम वाढवितात, वेलावर आकार बिघडू नये म्हणून जपतात, आणि महिनोन्‌महिने वाळवितात. त्यातून साधारण पाच फुटांच्या पुरुषी तंबोऱ्यासाठी मोठा आणि बायकांच्या तंबोऱ्यासाठी लहान, असे फळ निवडले जाते. तो कापून पाण्यात भिजवितात, मऊ झाला की आतून काड्यांचे टेकू देऊन गोलाई आणतात आणि पुन्हा वाळवितात. दुसरा भाग लाकूड. ते तुणीचे असते. हे हलके, सरळ धाग्याचे आणि चांगले मुरलेले लाकूड हवे. त्याची पोकळ दांडी, भोपळ्यावर बसणारी किंचित फुगीर तबली आणि दोघांना जोडणारा गळा. लाकूड कच्चे असेल, तर पहिल्या पावसाळ्यात दांडी वाकते आणि सूर ढळतो.

परंतु तंबोऱ्याचा जीव ना भोपळ्यात, ना लाकडात. तो घोडीवर असतो. इतर बहुतेक तंतुवाद्यांत तार घोडीच्या धारदार कडेवर टेकलेली असते. तंबोऱ्यात घोडी रुंद असते आणि तिचा माथा सपाट दिसला तरी अगदी किंचित उतरता, गोलावलेला असतो. तार थरथरताना या उतारावर हलकेच घासते, टेकते, सुटते. त्यामुळे एका सुरातून वरचे सूर फुटून बाहेर येतात आणि तो परिचित गुंजारव उठतो. यालाच जवारी म्हणतात. उतार जास्त झाला तर आवाज बंद, बोथट येतो. कमी झाला तर तार नुसती झणझणते. दोघांमधले अंतर मोजण्याची पट्टी नाही. कारागीर कानस फिरवितो, तार चढवितो, ऐकतो, उतरवितो, पुन्हा कानस फिरवितो. पूर्वी हस्तिदंत आणि सांबरशिंग वापरीत. कायद्याने त्यांवर बंदी आल्यावर हाड, कठीण लाकूड आणि कृत्रिम पदार्थ आले. पदार्थ बदलला, पण कानस तीच राहिली.

वाचकहो, तलवारीला धार लावणारा शिकलगार याहून वेगळे काय करीत होता? लोखंडाचा एक बारीक पापुद्रा काढायचा, हाताने आणि डोळ्याने पारखायचा, पुन्हा काढायचा. नेमके किती काढले की धार येते आणि किती काढले की पाते बिघडते, हे ज्ञान त्याच्या बोटांत होते. पाते जाऊन घोडी आली, डोळ्याची जागा कानाने घेतली. हस्तकौशल्य मेले नाही, त्याने फक्त काम बदलले. मिरजेच्या घडणीचे मूळ आम्हांला इथे दिसते.

जवारीचे शेवटचे काम धाग्याने होते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक तुकडा सरकवितात. तो पुढेमागे करता करता एका जागी तार अचानक बोलू लागते. त्यापासून केसभर सरकले की गप्प होते. आमच्या भिवंडीत रोज टनावारी सूत विणले जाते. त्यातला वीतभर तुकडा किराणा घराण्याच्या गवयाचा षड्ज उघडतो, हे आमच्या गावाला कदाचित ठाऊक नसेल.

किराणा घराण्याचे नाव सहज आलेले नाही. उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांचा जन्म उत्तरेतील कैराना गावचा, पण ते मिरजेचे झाले. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी त्यांनी सेवा म्हणून गायिले, आणि मृत्यूनंतर त्यांना त्याच दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. आजही तेथे त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. त्यांची गायकी एकेका सुरावर ठेहराव घेणारी. अशा गायकाला बेसूर किंवा बंद तंबोरा चालत नाही. ते स्वतः वाद्यांच्या दुरुस्तीत निष्णात होते. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी श्रुतींचे जे शोधकार्य केले, त्यात खाँसाहेबांनी सहकार्य केले. देवलांचे श्रुतींवरील पुस्तक १९१० चे. म्हणजे एका छोट्या परिसरात गवई, शास्त्राचा अभ्यासक आणि कारागीर एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होते. गवयाची तक्रार सकाळी गल्लीत पोहोचे. फुलर्टनमध्ये वादकांनी जे केले, ते मिरजेत गवयांनी केले. घडण पक्की होते ती अशा तक्रारींनी.

विज्ञानाने याची दखल थोडी नंतर घेतली. १९२१ च्या सुमारास चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध लिहिला. युरोपात मान्य असलेला नियम असा की, तार ज्या बिंदूवर छेडली, तेथे ज्यांचा स्थिर बिंदू येतो ते वरचे सूर उमटत नाहीत. तंबोऱ्यात आणि वीणेत ते उमटतात, आणि त्याचे कारण ती रुंद, उतरती घोडी, हे रामन यांनी दाखवून दिले. ज्या गोष्टीने पुढे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या शास्त्रज्ञाचे कुतूहल जागे केले, ती गोष्ट कानशीने करणाऱ्यांनी कोणताही निबंध वाचला नव्हता.

इथवर साम्य. आता फरक. फेंडर यांच्या बासची घडण कागदावर उतरते. ३४ इंच, वीस पडदे, अमुक लाकूड, तमुक चुंबक. कुठल्याही देशात, कुठल्याही यंत्रावर ती काढता येते. म्हणून ते वाद्य जगभर पसरले. मिरजेच्या तंबोऱ्याचे अर्धे कागदावर उतरेल. भोपळ्याचा घेर, दांडीची लांबी, तारांचे जाडमान लिहून ठेवता येईल. जवारी लिहिता येणार नाही. ती उस्तादाच्या शेजारी बसून, वर्षानुवर्षे ऐकूनच येते. त्यामुळे बासचा शेवटचा कारागीर उद्या नाहीसा झाला तरी कुणीतरी ते पुन्हा करू शकेल. जवारी काढणारा शेवटचा हात थांबला तर नुसता भोपळा उरेल.

भिवंडीकरांना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी येथे हातमाग आणले, विसाव्या शतकात यंत्रमाग आले, मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले जुने मागही येथे येऊन वर्षानुवर्षे चालले. ते कुणी चालविले? जॉबरने. कारखान्यात शिरताच पन्नास मागांच्या खडखडाटातून कोणत्या मागाचा धोटा नीट जात नाही, हे त्याला आवाजावरून कळते. त्याच्यापाशी पदविका नसते. आता बिनधोट्याचे नवे माग येत आहेत, आणि त्या कानाची किंमत कुणी करीत नाही. आमच्या वर्गातील कित्येक मुलांचे वडील हे काम करतात. ‘वडील काय करतात?’ या रकान्यात ती मुले ‘मजदूर’ असे लिहितात. त्यांनी ‘कारीगर’ लिहावे, एवढे जरी शिक्षणाने साधले तरी आमची बी.एड. कारणी लागली असे आम्ही समजू.

मिरजेपुढचा प्रश्नही हाच आहे. १९७९ मध्ये बंगळूरमध्ये विजेचा तंबोरा तयार झाला. आता तर मोबाइलमध्ये तंबोरा वाजतो. रियाज करणाऱ्या गरीब विद्यार्थ्याला त्याचा मोठाच आधार आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र त्या यंत्राला नक्कल करायला आवाज हवा होता, तो हाताने काढलेल्या जवारीचा. नक्कल ज्याची करावीशी वाटते, ते अभिजात. पण मूळ करणाऱ्याला त्या नकलेतून पैसा मिळत नाही, आणि त्याचा मुलगा दुसरी नोकरी शोधतो.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ही आनंदाची गोष्ट आहे. १९९९ च्या कायद्यानुसार मिळणारी ही नोंद दहा वर्षांची असते आणि पुढे वाढविता येते. तिचे वैशिष्ट्य असे की, ती कुणा एकाची मालकी नसून, गावाची आणि तेथल्या सर्व उत्पादकांची असते. अमेरिकेत आकार सर्वांचा झाला, पण कंपनीचे नाव वाद्याच्या माथ्यावर राहिले. मिरजेत आता गावाचे नाव कायद्याने सुरक्षित झाले. पण नाव राखले म्हणजे हात राखला असे होत नाही. कागदाला जवारी काढता येत नाही. त्यासाठी शिकणारा मुलगा हवा, आणि पाच-सात वर्षे शिकताना त्याच्या घरची चूल पेटती राहील अशी सोय हवी. मुलगीही का नसावी? कान काही पुरुषांचेच तयार होतात असे नाही.

आपल्या समाजाचा इतिहास लिहिताना आपण बादशहा, सुभेदार, संत आणि शायर यांच्यापाशी थांबतो. विरोधकही तिथेच थांबतात, आणि मग वाद सुरू होतो. तलवारीचा इतिहास दोन्ही बाजूंना तोंडपाठ आहे. तलवार म्यानात गेल्यावर तिला धार लावणाऱ्याने काय केले, हे कुणी विचारीत नाही. त्याने कानस उचलली आणि हिंदू-मुसलमान सर्व गवयांच्या पाठीमागे जो सूर सतत वाजत असतो, तो त्याने दुरुस्त केला. महाराष्ट्राच्या शास्त्रीय गायनाखालचा खर्ज शिकलगारांच्या गल्लीतून आलेला आहे. हे सांगायला कोणत्याही दंतकथेची गरज नाही. आपल्या पुस्तकांत, आपल्या शाळांत आणि आपल्या अंकांतून ते नावानिशी लिहिले गेले पाहिजे. ज्यांच्या हातांत आज कानस आहे, त्यांच्या हयातीतच लिहिले गेले पाहिजे.